नदीकाठचे थर झाकण्याआधी त्यांची नोंद व्हावी

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांत ‘विक्रमी पाऊस’, ‘इतिहासातील सर्वांत कोरडा जून’, ‘न भूतो असा पूर’ अशा मथळ्यांची रीघ लागते. या मथळ्यांतला ‘इतिहास’ किती वर्षांचा असतो, हे मात्र क्वचितच विचारले जाते. हवामान खात्याचे कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले आणि शिवाजीनगरच्या त्या चौकाला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’च म्हणतात, १९६२ मध्ये याच शहरात उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था उभी राहिली. या संस्थेने सिद्ध केलेली देशाच्या मोसमी पावसाची मालिका १८७१ पासूनची आहे. जगातल्या उत्तम पर्जन्यनोंदींत तिची गणना होते, तरी तिची लांबी दीडशे वर्षांच्या आसपासच आहे. मोसमी पावसाचे काही चढउतार शतकानुशतके चालणारे आहेत आणि त्यांच्या मानाने ही लांबी तोकडी पडते. त्याहून कितीतरी जुनी नोंद पुणे जिल्ह्यातल्या नद्यांच्या काठांत आणि महाराष्ट्रातल्या तळ्यांच्या गाळात आहे. ती वाचण्याची विद्या पुण्यातच वाढली, आणि आज तीच नोंद आपण कोठे बुजवत, कोठे खणून नेत आहोत. त्यासंबंधी हे पत्र आहे.

जुन्नर, शिरूर, दौंड या तालुक्यांत कुकडी, घोड, भीमा यांच्या काठी उन्हाळ्यात गेले असता नदीने कापलेल्या उभ्या दरडी जागोजागी दिसतात. तळाशी बेसाल्टचा काळा कातळ, त्यावर चुन्याने घट्ट सांधलेला गोट्यांचा व भरड वाळूचा थर, त्याच्यावर कित्येक मीटर पिवळसर तपकिरी पोयटा आणि त्या पोयट्यात विखुरलेले चुनखडीचे पांढरे खडे, असा क्रम अनेक ठिकाणी आढळतो. यातला प्रत्येक थर काही सांगत असतो. गोटे वाहून आणायला जोराचा प्रवाह लागतो, तर बारीक पोयटा पुराचे पाणी काठावर पसरून संथ झाल्यावरच बसतो. चुनखडीच्या खड्यांना शेतकरी जमिनीची खोड समजतो. अभ्यासकाला ते फार मोलाचे, कारण पाऊस बेताचा, बाष्पीभवन भरपूर आणि गाळ साचणे बराच काळ थांबलेले, अशा परिस्थितीतच मातीत चुना असा गोळा होतो. मधूनच एखादा गडद मातीचा पट्टा लागला, तर तो एके काळचा गवताळ, उघडा भूपृष्ठ असण्याची शक्यता असते. या गाळात कधी प्राण्यांची हाडेही मिळतात. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठी पाणघोड्याचे जीवाश्म सापडले आहेत, आणि जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे येथे सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची शहामृगाच्या अंड्यांची कवचे, त्यांपासून घडवलेल्या मण्यांसह. पाणघोड्याला बारमाही खोल डोह लागतात आणि शहामृग कोरड्या गवताळ माळाचा पक्षी आहे, एवढे लक्षात घेतले तरी याच महाराष्ट्राने किती निरनिराळी रूपे पाहिली असतील याची कल्पना येते.

पाऊस अधिक तर गाळ अधिक, असे सरळ गणित पुष्कळांच्या मनात असते. दख्खनच्या नद्यांना ते लागू पडत नाही. भीमा, घोड, मुळा, मुठा या सर्वांचा उगम सह्याद्रीत, जेथे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पण पुण्याच्या पूर्वेला त्या पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेल्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यातून वाहतात. मोसमी पाऊस दीर्घकाळ दुबळा राहिला की डोंगरउतारांवरचे गवत आणि झाडोरा विरळ होतो, सुटलेली माती व मुरूम ओढ्यानाल्यांतून नदीत येऊन पडतो आणि तो पुढे रेटण्याइतके पाणी नदीत नसल्याने पात्र भरत, उंचावत जाते. पाऊस बळावला म्हणजे उतार हिरवे होतात, गाळाचा पुरवठा आटतो आणि भरल्या पाण्याची नदी आपणच साचवलेला गाळ कापत खाली उतरते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन कडाक्यात, भारतावरचा मोसमी पाऊस क्षीण होता. आज उंच दरडींत दिसणाऱ्या पोयट्याचा बराचसा भाग त्या सुमाराच्या कोरड्या काळाकडे बोट दाखवतो, तर त्याला चिरणारी खोल पात्रे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपासून पाऊस पुन्हा जोमाने बरसू लागला तेव्हाची मानली जातात. हे चित्र उभे करण्यात डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू आणि पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातील विश्वास काळे यांच्यासारख्या अभ्यासकांचा मोठा वाटा आहे. राजगुरूंचा १९७० चा प्रबंध तर आपल्या मुळा-मुठेच्या खोऱ्यावरच होता, आणि दत्तवाडीसारख्या आज पूर्णपणे वस्तीने व्यापलेल्या भागातून मुठेच्या काठच्या गाळात अश्मयुगीन हत्यारे मिळाल्याच्या नोंदी आहेत. दत्तवाडीतून रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, याबद्दल मला शंका आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एका दरडीवरून हवामान ठरवता येत नाही. नदीने वळण बदलले, एखादी उपनदी मोठा लोंढा घेऊन आली, खाली कातळाचा उंबरठा लागला, तरी थर बदलतो आणि त्याचा पावसाशी काही संबंध नसतो. म्हणून निरनिराळ्या खोऱ्यांतल्या अनेक छेदांत, म्हणजे थर उघडे पडलेल्या उभ्या कापांत, एकाच काळी एकच बदल दिसतो का, हे पाहावे लागते. त्यासाठी काळ ठरवता आला पाहिजे, आणि दख्खनमध्ये खरी अडचण तेथेच आहे. लाकूड, कोळसा वा शिंपले मिळाले तर किरणोत्सारी कार्बनवरून वय काढता येते, परंतु या कार्बनचे अर्धायुष्य ५,७३० वर्षे असल्याने सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे ही पद्धत जात नाही. वाळूच्या कणावर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे मोजण्याची दुसरी पद्धत जगभर गारेच्या, म्हणजे क्वार्ट्‌झच्या कणांवर वापरली जाते. आपला बेसाल्ट क्वार्ट्‌झच्या बाबतीत दरिद्री. त्यामुळे त्याच्यापासून बनलेल्या गाळात असे कण फारच थोडे मिळतात आणि फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजावर विसंबून अधिक किचकट मोजमापे करावी लागतात. ज्या छेदांचे वय खात्रीने लागले आहे असे छेद महाराष्ट्रात म्हणूनच कमी आहेत, आणि असलेला एकेक छेद म्हणूनच गमावण्याजोगा नाही.

या संदर्भात जुन्नर तालुक्यातल्या बोरी या गावाचे उदाहरण सविस्तर सांगण्याजोगे आहे. कुकडीच्या काठी या गावाजवळ जुन्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर असल्याचे डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात प्रसिद्ध केले. त्याच परिसरातल्या जुन्या गोट्यांच्या थरांतून पुराश्मयुगीन मानवाच्या हातकुऱ्हाडींसारखी हत्यारेही मिळाली. पुढे मोरगावजवळ कऱ्हा नदीच्या गाळातही अशी राख आढळली. अष्टविनायकांतल्या पहिल्या गणपतीच्या दर्शनाला जाणारा भाविक तिच्यापासून हाकेच्या अंतरावरून जात असतो. महाराष्ट्रात अलीकडच्या भूशास्त्रीय काळात जिवंत ज्वालामुखी नाही. आपला बेसाल्ट ज्या उद्रेकांतून आला ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. त्यांचा या बारीक, काचेसारख्या राखेशी काही संबंध नाही. ही राख येथून तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून वाऱ्याने आलेली आहे. टोबाचा सर्वांत अलीकडचा महाउद्रेक सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी झाला आणि त्यात सुमारे २,८०० घन किलोमीटर शिलारस बाहेर फेकला गेला असा एक प्रचलित अंदाज आहे.

बोरीची राख मात्र नेमकी कोणत्या उद्रेकाची, यावर गेली तीस-पस्तीस वर्षे वाद चालू आहे. सुरुवातीच्या मोजणीत तिचे वय सुमारे १४ लाख वर्षे निघाले; १९९५ मध्ये आर्गॉन वायूवर आधारलेल्या मोजणीने ते पावणेसात लाखांच्या आसपास आणले; आणि त्याच सुमारास राखेतल्या काचेच्या कणांची रासायनिक ठेवण तपासणाऱ्यांनी ती ७४,००० वर्षांपूर्वीच्याच उद्रेकाची असल्याचा निर्वाळा दिला. हा वाद नुसता आकड्यांचा नाही. राख जुनी असेल तर तिच्यालगतची हत्यारेही तितकीच प्राचीन ठरतात आणि दख्खनमध्ये मानवाचे आगमन कित्येक लाख वर्षे मागे जाते. राख ७४,००० वर्षांची असेल तर मग त्याच छेदाकडे वेगळा प्रश्न घेऊन जावे लागते, तो म्हणजे एवढ्या प्रचंड उद्रेकानंतर येथले पाऊसपाणी आणि वनस्पती यांचे काय झाले. आंध्र प्रदेशातल्या ज्वालापुरम येथे टोबाच्या राखेच्या खाली आणि वर सापडलेली दगडी हत्यारे एकमेकांशी मिळतीजुळती असल्याचे २००७ मध्ये मांडले गेले. म्हणजे तेथली माणसे त्या संकटातून तगली असावीत. बोरीतही असे प्रश्न पुन्हा पुन्हा, नव्या यंत्रांनी विचारावे लागणार आहेत, आणि त्यासाठी तो छेद जागेवर हवा. वाद सुटलेला नसताना पुरावाच नाहीसा होणे, हे कोणत्याही शास्त्रात सर्वांत वाईट. वाळू, गोटे व माती उचलणाऱ्यांना राखेचा थर आणि पोयटा यांतला फरक कळण्याचे कारण नाही, आणि त्यांना तो कोणी सांगितलेलाही नाही.

नदीच्या गाळाचा एक मोठा दोष असा की नदी लिहिते तशी खोडतेही. शेकडो वर्षांचा गाळ एका पुरात निघून जातो आणि छेदात पोकळी राहते. तळ्यात गाळ शांतपणे, वर्षामागून वर्ष बसत राहतो. महाराष्ट्राच्या सुदैवाने आपल्याकडे लोणार आहे. बुलढाणा जिल्ह्यातले हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर उल्कापाताने बेसाल्टमध्ये निर्माण झाले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार त्याचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आहे. त्यातल्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. पाऊस कमी झाला की पाणी आटते, क्षार दाटतात. पाऊस वाढला की पाणी चढते आणि खारटपणा उतरतो. तळाशी बसणारा गाळ हे सारे टिपून घेतो. भारतीय व जर्मन संशोधकांनी या सरोवराच्या तळातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा कोअर, म्हणजे थरांचा क्रम न मोडता नळीतून काढलेला उभा नमुना, काढला, आणि त्यात गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक काही ठराविक पातळ्यांवर आढळले. सोडियम, कॅल्शियम आणि कार्बोनेट यांचे हे पाणी सामावलेले खनिज खारे अल्कधर्मी पाणी फार दाट झाल्यावरच तयार होते. त्या स्फटिकांवरून आणि गाळाच्या इतर लक्षणांवरून २०१४ मध्ये असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला की सध्याच्या उष्ण कालखंडाच्या आरंभी येथे पाऊस चांगला होता, पुढे तो उतरत गेला, आणि सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी व पुन्हा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वी मध्य भारताने दीर्घकाळ चाललेले कोरडे कालखंड अनुभवले.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे आणि त्याआधीचे १८७६ ते १८७८ चे वर्ष-दोन वर्षांचे अवर्षण सरकारी दप्तरांत नोंदलेले आहे. शतके टिकणारा कोरडेपणा मात्र आपल्या पाटबंधाऱ्यांच्या कोणत्याही हिशेबात नाही, कारण हे हिशेब ज्या नोंदींवर बेतलेले आहेत त्यांत तो कधी आलेलाच नाही. परंपरेने १३९६ ते १४०७ असा सांगितला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ लोणारच्या दुसऱ्या कोरड्या काळाच्या शेवटाशी जोडण्याचा मोह होतो. तो आवरावा, असे मला वाटते. कोअरमधल्या तारखांना काही दशकांची सैल असते आणि एका बारा वर्षांच्या दुष्काळाची गाठ तिच्याशी नेमकी मारता येत नाही.

लोणारबद्दल आणखी एक गोष्ट. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर बातम्या झाल्या, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे दाखवले. त्याच वर्षी सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थानही मिळाले. पाण्याच्या रंगाची बातमी होते, तळातल्या दहा मीटर गाळाची होत नाही, यात वृत्तपत्रांचा दोष आहे असे मी म्हणत नाही. परंतु आपण मनावर घेतले तर हे बदलू शकते.

आता माणसाचा भाग. शिरूर तालुक्यातल्या इनामगाव येथे घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी ते केले. इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातली ती शेतकऱ्यांची वस्ती. सुरुवातीची चौकोनी, ऐसपैस घरे शेवटच्या टप्प्यात लहान गोल झोपड्यांत बदलली, शेतीचे महत्त्व घटले आणि पशुपालन व शिकार वाढली. ढवळीकरांनी याचे कारण वाढत्या कोरडेपणात पाहिले. हे मत वजनदार आहे, तरी तेवढेच उत्तर पुरेसे मानू नये असे मला वाटते, कारण गाळातली प्रत्येक खूण पावसाचीच असते असे नाही. गोदावरीच्या मुखासमोर बंगालच्या उपसागराच्या तळातून काढलेल्या कोअरमध्ये हे फार स्पष्ट दिसते. त्यातल्या पानांवरच्या मेणाच्या अवशेषांवरून २०१२ मध्ये असे दाखवले गेले की सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून गोदावरीचे खोरे अधिक कोरडे होत गेले. पुढे २०१७ मध्ये त्याच कोअरवरून असे दिसून आले की गेल्या काही हजार वर्षांत, म्हणजे पाऊस कमी होत असताना, समुद्रात येणारा गाळ घटण्याऐवजी बराच वाढला, आणि त्यातला दख्खनच्या बेसाल्टचा वाटाही वाढला. अभ्यासकांनी त्याचा संबंध वनाच्छादन हटण्याशी आणि शेतीच्या विस्ताराशी जोडला. नाशिक-नगरकडची माती काकिनाड्याजवळच्या समुद्रात जाऊन बसते आणि तेथे ती आपल्या पूर्वजांच्या नांगराविषयी साक्ष देते, हे मला या विषयातले सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य वाटते. धूप ही आजची समस्या आहे असे आपण समजतो. ती ताम्रपाषाण युगापासून, म्हणजे इनामगावच्या काळापासून, चालत आलेली असू शकते.

पुण्याला याचा थेट उपयोग पूररेषांच्या प्रश्नात आहे. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावर आखली जाते. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर किती मोठा, हे सांगायला मोजलेले प्रवाह मात्र काही दशकांचेच असतात; बाकीचे संख्याशास्त्राने ताणून काढायचे. भारतात याला पूरक असा मार्ग दाखवला गेला आहे. महापूर कातळी घळईतून जाताना बाजूच्या कोनाड्यात, उपनदीच्या मुखाशी वा गुहेत पाणी क्षणभर थबकते आणि तेथे बारीक पोयट्याचा एकेक पातळ थर ठेवून जाते. असे थर एकावर एक मोजले की पुरांची यादी मिळते आणि सर्वांत उंच थरावरून पाण्याची किमान उंची कळते. विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदेवर अशी सुमारे १,७०० वर्षांची यादी तयार केली. तिच्यातून असे दिसले की महापूर काळात सारख्या अंतराने विखुरलेले नसतात, ते काही शतकांत घोळक्याने येतात आणि काही शतके जवळजवळ रिकामी जातात. हे खरे असेल तर ‘शंभर वर्षांतून एकदा’ ही कल्पनाच जपून वापरली पाहिजे. मुळा-मुठेच्या शहरी पात्रात असे कोनाडे प्रत्येक ठिकाणी सापडतील असे मी म्हणणार नाही, आणि आज वर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी धरणे असल्याने जुन्या, मोकळ्या नदीचे पूर आजच्या नदीला जसेच्या तसे लावताही येणार नाहीत. पण वरच्या खोऱ्यांतले आणि शहराबाहेरचे कातळी टप्पे कोणी या दृष्टीने पद्धतशीर तपासले, तर लाल रेषेच्या चर्चेला आज नसलेला आधार मिळेल.

याच्या जोडीला धरणांचा आणि जुन्या तलावांचा गाळ आहे. खडकवासल्याचे धरण १८७० च्या दशकातले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा तेही फुटले आणि पुढे पुन्हा बांधले गेले. कात्रजचा तलाव त्याहून जुना, अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात शहराला पाणी देण्यासाठी बांधलेला. अशा गाळाचे वय काढणे दरडीच्या मानाने सोपे असते. अणुचाचण्यांमुळे जगभर पसरलेले सीझियम-१३७ हे द्रव्य १९६३ च्या सुमारास सर्वाधिक होते, त्यामुळे त्याचे शिखर जेथे सापडते तेथे ते वर्ष. आणि सुमारे २२ वर्षे अर्धायुष्य असलेल्या शिसे-२१० वरून त्याआधीच्या व नंतरच्या शंभरेक वर्षांचा हिशेब लागतो. आपल्या बेसाल्टात चुंबकीय खनिजे विपुल असल्याने गाळाची चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे चुंबकीय क्षेत्राला तो किती प्रतिसाद देतो, नुसती मोजली तरी डोंगरावरून किती माती केव्हा उतरली याचा अंदाज येतो. टेकड्यांवरची बांधकामे, जंगलतोड, शेतीतला बदल या सर्वांची तारीखवार नोंद अशा गाळात मिळायला हवी.

आता सध्याच्या परिस्थितीकडे वळतो. मुळा-मुठा नदीकाठ सुधार योजनेत सुमारे ४४ किलोमीटर काठाला नवे रूप द्यायचे आहे. त्या योजनेच्या गुणदोषांची चर्चा या स्तंभांत पुष्कळ झाली आहे आणि ती मला येथे पुढे न्यायची नाही. पण काठावर भराव, बांध आणि काँक्रीट आले की जुना छेद कायमचा झाकला जातो, एवढे निर्विवाद आहे. शहराबाहेर पोयटा वीटभट्ट्यांना जातो आणि गोटे व वाळू बांधकामांना. शिवाय २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. मी स्वतः शेतकरी कुटुंबातला आहे आणि तलावातला गाळ शेतात जावा याच मताचा आहे. तलावाची साठवण वाढते, हलकी जमीन सुधारते. तरीही जुन्या तलावाच्या तळावर जेसीबी लागतो तेव्हा शे-दीडशे वर्षांची, कधी त्याहून अधिक काळाची नोंद डंपरमधून निघून जाते. मराठेशाहीचे कागद पेशवे दप्तरात रुमालांत बांधून, कसर लागू न देता आपण जपले आणि ते अभिमानाने दाखवतो. याच जिल्ह्याच्या पावसापाण्याचे दप्तर मात्र कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारले तर उत्तर मिळत नाही.

यावर फार मोठा खर्च न करता काही करता येण्याजोगे आहे. ज्या तलावातून गाळ काढायचा आहे, त्यात काम सुरू होण्यापूर्वी सर्वांत खोल भागात दोन-तीन ठिकाणी साधा पाइप ठोकून गाळाचा अखंड कोअर घ्यावा, त्यावर ठिकाण, तारीख, खोली आणि वरखालची बाजू लिहावी आणि तो बंद करून थंड जागी ठेवावा. ज्या काठावर भराव वा बांध येणार आहे, तेथला उघडा छेद मोजपट्टी लावून छायाचित्रित करावा, थरांची उंची नोंदवावी आणि प्रत्येक थरातला मूठभर नमुना जतन करावा. हे काम भूगोल वा भूशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या गटाला, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, जमू शकते. पुण्यात असे विभाग आहेत. कंत्राटातच ही अट घालावी आणि नमुने ठेवायची जबाबदारी एखाद्या संस्थेवर लेखी सोपवावी. आज नमुना तपासायला पैसे नसले तरी हरकत नाही. बंद करून ठेवलेला गाळ वीस वर्षांनी, आज ज्यांची कल्पना नाही अशा यंत्रांवर तपासता येईल.

बोरी आणि मोरगाव येथल्या राखेच्या जागांबाबत मात्र नोंद करून थांबता येणार नाही. लोणारच्या विवराला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिलेला आहे. राखेचे थर दिसायला तसे भव्य नाहीत, पर्यटक त्यांच्याकडे फिरकणार नाहीत. तरी त्यांचे महत्त्व देशाबाहेरच्या संशोधकांनाही मान्य आहे. दोन्ही ठिकाणी निदान एकेक छेद मोजणी करून राखून ठेवावा, तेथून माती-वाळू उचलण्याला मनाई असावी, आणि ग्रामपंचायतीला त्याची माहिती मराठीत द्यावी, म्हणजे राखणही गावाकडेच राहील.

गाळ काढण्याचे काम जलाशय तळाला गेल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत होते आणि नदीच्या दरडीही त्याच दिवसांत उघड्या असतात. त्यामुळे येत्या उन्हाळ्याआधी जिल्हा प्रशासन, महानगरपालिका आणि जलसंपदा विभाग यांनी कोणत्या तलावांत व काठांवर काम होणार आहे याची यादी शैक्षणिक संस्थांना देण्याची व्यवस्था करावी, आणि आपल्या दैनिकाने या मागणीचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भूगोलशिक्षक,
कर्वेनगर, पुणे